वाचनालयासाठी निधी : कार्यक्रम कोणता घ्यावा ?



गावच्या वाचनालयाला पुस्तके घ्यायची म्हटले की तरुण मंडळी म्हणतात, "ऑर्केस्ट्रा आणू !" गर्दी जमते, पण हिशेबाला बसले की हाती भोपळा. कारण बिदागी, मांडव, कर्णे हा खर्च तिकिटे खपण्याआधीच अंगावर येतो. समजा, ५० रुपयांची ४०० तिकिटे खपली. २०,००० आले, १७,००० गेले, तर उरले अवघे ३,०००.

बैलगाडी शर्यतीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली वैध ठरविला खरा. पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नियम व अटी लहान संस्थेला झेपत नाहीत.

आम्ही सुचवितो हुरडा. पौष-माघात शाळू हुरड्यात आला की एकाने कणसे द्यावीत, दुसऱ्याने गोवऱ्या, तिसऱ्याने उसाचा रस. घरोघरहून शेंगदाण्याची चटणी यावी. आगटीभोवती लहानथोर रमतात आणि खर्च बेताचाच असल्याने जमेल ते बहुतेक संस्थेलाच राहते.

मात्र प्रत्येकाला पावती द्यावी. संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय कार्यालयाकडे आधी विचारावे. आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर लावावा. हिशेब चोख असला, की पुढच्या वर्षी माणसे न बोलावता येतात.