आंबवड्याहून पुण्यात फिरायला जाताय? परतीची एसटी आधी विचारा

आंबवड्याहून भोरमार्गे एसटीने येणारे स्वारगेटला उतरतात. उतरल्यावर आधी चौकशी खिडकीवर भोरची शेवटची गाडी विचारा. पुढे आंबवड्याला एसटी मिळेल का, तेही विचारून घ्या. ती चुकली तर मुक्काम पुण्यातच.

शहरात फिरायला मेट्रो सोयीची. स्वारगेटचं भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झालं. तुळशीबागेसाठी मंडई, शनिवारवाड्यासाठी कसबा पेठ स्थानकात उतरा. पुणे रेल्वे स्टेशनला जायचं तर जिल्हा न्यायालय, म्हणजेच सिव्हिल कोर्टला मेट्रो बदला. एसटीतली महिलांची ५० टक्के सवलत मेट्रोत मिळत नाही, त्यामुळे तिकिटाचे पैसे पूर्ण धरा.

रिक्षात बसण्याआधी मीटर टाकायला सांगा. संध्याकाळी रस्त्यांवर कोंडी होते; परतीच्या गाडीआधी अर्धा तास स्वारगेटला पोहोचा.