धनुष्य घरात आले, त्याची निगा कशी राखाल?

मैत्रिणींनो, शिवणाचे मशीन घरी आले की तेल कुठे घालायचे, सुई केव्हा बदलायची, हे आपण पहिल्या आठवड्यातच शिकून घेतो. पण मुलीसाठी, आणि का नाही, स्वतःसाठी, तिरंदाजीचे धनुष्य आणले तर? आमच्याकडे ते आले तेव्हा मी ते छत्रीसारखे दाराआड उभे करून ठेवले. दोरी चढवलेलीच! अख्खा पावसाळा तसाच गेला. दसऱ्याला काढून पाहते तो खालचे पाते पिळवटलेले, दोरी मधोमध बसेना. शेवटी नवे पाते घ्यावे लागले. तो भुर्दंड तुम्हाला पडू नये म्हणून हे चार शब्द.

आधी ओळख करून घेऊ. ज्याची टोके नेमबाजापासून दूर, पुढे वळलेली असतात ते रिकर्व्ह धनुष्य. २०२१ साली टोकिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेला आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रवीण जाधव याच जातीच्या धनुष्याने खेळला. त्या धनुष्याला नेम धरायचे साधन, तोल सांभाळणारे दांडे असतात. पारंपरिक धनुष्याला यातले काही नाही. मधे लाकडी मूठ आणि वर-खाली दोन पाती. पात्यांत बहुधा लाकडाचे पातळ थर आणि फायबरग्लास एकमेकांना चिकटवलेले असतात. म्हणूनच उष्णता आणि ओल या दोघी त्याच्या वैरिणी!

दोरी चढवताना : गुडघ्याने किंवा पायाने पाते दाबून दोरी चढवू नका. पाते पिळते, हातातून सुटले तर तोंडावर बसते. त्यासाठी स्ट्रिंगर नावाची साधी दोरी मिळते, ती धनुष्याबरोबरच घ्या. दोरी चढली की दोन्ही फास खाचेत नीट बसलेत ना, हे पाहा. मग दोरीपासून मुठीच्या खोलगट भागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. ते साधारण साडेसात ते साडेआठ इंच असते. मात्र बनवणाऱ्याने दिलेला आकडाच खरा. अंतर कमी भरले तर दोरी उतरवून तिला आणखी थोडे पीळ द्या, जास्त भरले तर थोडे उलगडा.

सर्वांत मोठा नियम : बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. बाणाला मिळायचा तो सगळा जोर उलटा पात्यांत शिरतो आणि पाते तडकते. आलेगेले पाहुणे "बघू, बघू" म्हणत हमखास हेच करतात. वाईटपणा आला तरी चालेल, पण धनुष्य त्यांच्या हातून काढून घ्या.

दर खेपेची तपासणी : कापसाचा बोळा पात्यांवरून हलकेच फिरवा. कापूस अडकला की तिथे कूस किंवा चीर आहे असे समजा. चीर दिसली, थर सुटलेला वाटला, तर घरचा गोंद लावून वेळ मारून नेऊ नका. ओढायचे नाही, आधी प्रशिक्षकाला दाखवायचे. बाणही असेच पाहा. तडा गेलेला बाण सुटताना मोडून हातात घुसू शकतो.

दोरीची काळजी : दोरी खरखरीत, केसाळ दिसू लागली की मेण चोळा आणि बोटांनी घासून ऊब द्या, म्हणजे ते आत मुरते. मधल्या गुंडाळलेल्या भागाला मेण नको. खोबरेल किंवा मशीनचे तेल तर मुळीच नको. एक जरी धागा तुटला तरी दोरी बदला. नवी घेताना दुकानदाराला धनुष्याची लांबी सांगा. ती बहुधा पात्यावर लिहिलेली असते.

ठेवायचे कुठे : काम झाले की दोरी उतरवा. भिंतीत दोन लाकडी खुंट्या मारून त्यांवर आडवे ठेवा. स्वयंपाकघराची भिंत, पत्र्याखालचा माळा, उन्हात उभी केलेली मोटार, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, या जागा टाळा. भिजले तर कोरड्या मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याची लांब पिशवी शिवा.

आणि बाण? ते नेहमी वेगळ्या कपाटात, कुलपात. घरात लहान मूल असेल तर यात हयगय नको. गच्चीवर, अंगणात "एकच मारून पाहू" हेही नको. नेम धरायचा तो मैदानावर, प्रशिक्षकासमोरच.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. यंदा आमच्या धनुष्याला मुठीवर हळदकुंकवाचे एकेक बोट लावले, दोरीला लागू दिले नाही. पण खरे सांगू? वर्षभर ते कोरडे, स्वच्छ आणि दोरी उतरवून ठेवले, तीच त्याची खरी पूजा!