गायरान आणि दंडाची पावती

बीड जिल्ह्यातील भूमिहीन दलित कुटुंबांची कायद्याशी पहिली गाठ पुष्कळदा अतिक्रमणदार म्हणूनच पडते, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेले गायरान, म्हणजे गावच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली जमीन, दप्तरी सरकारची असते आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 50 खाली तिच्यावरून त्यांना हुसकावता येते. त्याच संहितेचे कलम 51 मात्र असे अतिक्रमण नियमानुकूल करण्याची, म्हणजे कसणाऱ्याच्याच नावे जमीन करून देण्याची मुभा देते. आणि 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने ही मुभा 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांसाठी प्रत्यक्षात आणली. आंबेडकर जन्मशताब्दी वर्षाचा आरंभदिन कटऑफ म्हणून निवडणाऱ्या या निर्णयापुढे खरा प्रश्न उरला तो पुराव्याचा.

ज्याच्याकडे सातबारा नाही त्याने आपला ताबा सिद्ध कसा करायचा? येथे दंडाची पावती कामी येते. तलाठ्याने अतिक्रमणाबद्दल वसूल केलेला दंड, गाव नमुना एक-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत चढलेले नाव, चतुःसीमा आणि उभे पीक नोंदवणारा पंचनामा, इतकेच काय, जमिनीवरून झालेल्या पोलीस केसचे कागदसुद्धा त्या साली त्या रानात तो माणूस होता हेच सांगतात. म्हणून शिक्षेचा कागद हक्काचा कागद ठरतो, आणि पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली ती मळकी पावती जपायला शिकवणे हे कोर्टातील युक्तिवादाइतकेच मोलाचे कायदेविषयक काम आहे.

ते काम वडवणी तालुक्यातील दुकडेगावचे, पोतराजाच्या घरात जन्मलेले ॲड. एकनाथ आवाड (1956–2015) यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून मराठवाडाभर उभे केले. जमिनीचा लढा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनी वेगळे मानले नाहीत, आणि ते बरोबरच होते. कारण गायरानात उगवलेले पीक मोडण्यासाठी गुरे सोडली जातात तेव्हा जमीन आणि जात यांना निराळे करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, परंतु शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेल्या जमिनींसारखे अपवाद नियमानुकूल करण्यास वाव ठेवला. नोटीस हाती पडलेल्या कुटुंबाला तो अपवाद मुदतीच्या आत सांगणारे कोणी तरी जवळ हवे असते. बीडमध्ये अडचण आणखी वाढते, कारण यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्या काळात पाहणी झाली तर रान पड दिसते, नोटीस कुलपाला चिकटते, आणि एरवी त्या रानात राबणाऱ्या बाईचे नाव तर पावतीवर मुळातच नसते.