ठशांची साक्ष : ली-एनफिल्ड रायफलचे अस्सलपण आणि मोल

ब्रिटिश सैन्यात 1907 साली दाखल झालेली ली-एनफिल्ड मार्क 3 ही .303 इंची, दहा काडतुसांचे मॅगझीन असलेली रायफल इंग्लंड, ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील ईशापूर येथे लाखोंच्या संख्येने तयार झाली आणि ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने भारतातील पोलीस दलांत एकविसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली. एवढ्या मोठ्या संख्येने घडलेल्या शस्त्राचे संग्राह्य मोल निव्वळ वयावर ठरत नसून, त्याच्या अंगावरील खुणा परस्परांशी कितपत जुळतात यावर ठरते.

लाकडी दस्ता ज्या पोलादी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्क ठसवलेले असतात. पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेलसारख्या गावांत हाताने घडवलेल्या हुबेहूब नकला प्रथम येथेच उघड्या पडतात; कारण रोमन लिपी न वाचता ठसा उतरवणाऱ्या कारागिराच्या हातून ‘एन’ हे अक्षर उलटे पडते, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली 1910 नंतरचे एखादे वर्ष येते, आणि राणीचे निधन तर 1901 मध्येच झाले होते.

यानंतर क्रमांक तपासले जातात. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, प्रत्येक रायफलला स्वतंत्रपणे जुळवून बसवलेला असल्याने त्याच्या मुठीवरील क्रमांक रिसीव्हरवरील, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्यावरील, क्रमांकाशी जुळणे मोलाबरोबरच सुरक्षिततेच्याही दृष्टीने महत्त्वाचे ठरते. तोंडाकडील टोपी आणि मागील नेमपट्टी यांवरही तोच क्रमांक असल्यास रायफलचे भाग अदलाबदल न होता टिकले, असे मानण्यास आधार मिळतो.

तथापि अस्सल रायफल म्हणजे कधीही हात न लागलेली रायफल, ही समजूत चुकीची आहे. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याचे दर्शवणारा ‘एफ.टी.आर.’ हा ठसा, लाकूड फुटू नये म्हणून ईशापूरला आडवा घातलेला स्क्रू, किंवा बॉम्ब फेकण्यासाठी पुढील भागावर गुंडाळलेली तार हे सारे त्या शस्त्राच्या सेवेचाच इतिहास सांगतात. ‘डी.पी.’ हा ठसा मात्र ती केवळ कवायतीसाठी राखली गेल्याचा, अर्थात गोळीबारास अयोग्य ठरल्याचा, इशारा असतो.

सर्वाधिक दक्षता दुसऱ्या महायुद्धातील ली-एनफिल्ड नंबर 4 (टी) या नेमबाजांच्या रायफलबाबत घ्यावी लागते, कारण सामान्य नंबर 4 वर दुर्बीण चढवून ती अनेक पटींनी महाग विकता येते. खऱ्या रायफलच्या रिसीव्हरवर ‘टी’ हे अक्षर आणि दस्त्याच्या मानेवर मूळ दुर्बिणीचा क्रमांक असतो. तीच दुर्बीण सोबत टिकली असेल, तर मोल लक्षणीय वाढते.

म्हणूनच जुने लाकूड घासून चकाकवणे किंवा पोलादावर नवा काळा मुलामा चढवणे हे जतन नव्हे, तर पुराव्याचा नाश आहे. पुसट झालेला ठसा पुन्हा कोरता येतो, पण त्याची साक्ष परत मिळत नाही.