जपानचा पाळणा, आपला पाळणा



जपानमध्ये मुले जन्मण्याचे प्रमाण घटत चालल्याच्या बातम्या आता आपल्या मोबाईलवरही येतात. सोबत एक वाक्य हमखास असते : "मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, म्हणून ही वेळ आली." मग हेच वाक्य नळावर, लग्नाच्या बैठकीत, कधी विहाराच्या पायरीवरही आपल्या मुली-सुनांवर येऊन पडते. एका मुलावर थांबलेल्या सुनेला "आपला समाज कमी होतोय" असे ऐकवले जाते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हा विषय घेतला आहे.

आधी आकडा समजून घेऊ. एक बाई आयुष्यात सरासरी किती मुलांना जन्म देते, त्याला एकूण जननदर म्हणतात. तो साधारण 2.1 असला, तर आईवडिलांच्या जागी पुढच्या पिढीत तेवढीच माणसे उभी राहतात. जपानमध्ये 2024 साली तो 1.15 होता. 1947 मध्ये तिथे सुमारे 27 लाख मुले जन्मली होती, 2024 मध्ये सात लाखांहून कमी.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा जननदर 1992-93 मध्ये 2.9 होता, तो 2019-21 मध्ये 1.7 वर आला. याच पाहणीत देशभरातील बौद्धांचा जननदर 1.4 च्या आसपास निघाला, म्हणजे मोठ्या धर्मगटांत सर्वांत कमी. देशातील चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रात राहतात. तेव्हा हा आकडा आपल्याच घरांचा आहे.

तो का उतरला? पहिले कारण म्हणजे जन्मलेली मुले जगू लागली. लसीकरण आले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. पाचांतली तीन तरी हाती लागतील, या हिशेबाने आपल्या आज्यांना सात-आठ बाळंतपणे सोसावी लागत. ती गरज उरली नाही. दुसरे कारण म्हणजे मुली शाळेत टिकल्या आणि लग्नाचे वय पुढे गेले. 2011 च्या जनगणनेत बौद्ध स्त्रियांची साक्षरता 74 टक्के होती, देशातील सर्व स्त्रियांची सुमारे 65 टक्के.

यामागे बाबासाहेबांची शिकवण आहे. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्या दिवशी पी. जे. रोहम यांनी मांडले. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला कोणीच तयार झाला नसता, असा त्यातला मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. पुढे 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बायांना सांगितले. आपल्या आयांनी ते ऐकले. त्याचा आज दोष कसला मानायचा?

मग जपानमध्ये अडचण कुठे आहे? मुली फ्रान्समध्येही शिकतात, नोकरी करतात. तिथला जननदरही घटला आहे, पण 2024 मध्ये तो 1.6 च्या वर होता. तिथे पाळणाघरांची आणि सरकारी मदतीची सोय जुनी आहे. जपानमध्ये कामाचे तास लांब, शहरातली घरे लहान आणि महाग, शिक्षणाचा खर्च मोठा. घरकाम आणि मूल सांभाळणे मात्र बहुतेक बाईच्याच वाट्याला. मूल झाले की अनेकींची चांगली नोकरी सुटते आणि पुन्हा मिळते ती कमी पगाराची. कायम नोकरी नसलेल्या तरुणांची लग्नेच होत नाहीत, आणि लग्नाशिवाय मूल तिथे क्वचितच होते. सरकारने पैसे देऊ केले, तरी बाईचा भार फारसा हलका झाला नाही.

हे वाचताना भिवंडी आठवते ना? लूमवर बारा तासांची पाळी, दहा बाय दहाची खोली, इंग्रजी शाळेची फी. गोदामात पॅकिंग करणाऱ्या बाईने तान्हे मूल कुठे ठेवायचे? कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवे. पण ठेकेदाराकडे हजेरीवर असलेल्या बाईच्या हाती यातले सहसा काहीच लागत नाही. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. त्या हक्कासाठी आपण अजून मागेच आहोत.

म्हणून प्रत्येक घराने आधी हे विचारावे : एकच मूल हे नवरा-बायकोने ठरवले, की भीतीने आणि नाइलाजाने? ठरवले असेल, तर कोणी बोट दाखवू नये. नाइलाज असेल, तर सुनेला बोलून तो सुटणार नाही. रजा, पाळणाघर आणि नवऱ्याचा घरकामात हात, यानेच सुटेल.

थांबायचे ठरले, तरी भार बाईवरच येतो. महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळपास निम्म्या बायांचे ऑपरेशन झालेले असते. पुरुष नसबंदी शंभरात एकाचीही नसते. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, ताकद जात नाही, संबंधात फरक पडत नाही. भावांनो, हे तुमच्यासाठी लिहिले आहे.

आणि ज्यांना मूल हवे आहे पण राहत नाही, त्यांच्यासाठी :

एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करा. बाईचे वय 35 च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच करा.

तपासणी दोघांची करा. कारण पुरुषाकडेही असू शकते, आणि वीर्याची तपासणी सर्वांत सोपी असते. तंबाखू, दारू आणि तासन्‌ तास उष्णतेत काम यांचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो.

गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा टीबी विसरू नका. यात खोकला असेलच असे नाही. पाळी कमी येणे, ओटीपोटात दुखणे, कधी तेवढेही नाही. नलिका खराब झाल्यावर औषधाने त्या दर वेळी सुधारत नाहीत, म्हणून लवकर तपासणे महत्त्वाचे. टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

अंगावरून पांढरे जात असेल, वास येत असेल, तर अंगावर काढू नका. त्या संसर्गानेही नलिका बंद होतात.

बाबा-बुवांकडे घालवलेले वर्ष परत येत नाही. आणि "वांझ" हा शब्द आपल्या घरात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. आशाताईंशी बोला, सरकारी दवाखान्यात जा, आणि जाताना नवऱ्याला सोबत न्या.