भर उन्हात मीटर वाचता येत नाही? आधी हाताची सावली धरून बघा

बालाघाट (प्रतिनिधी) : गांगुलपारा घाट चढताना भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला दोन काटे सारखे बघावे लागतात, एक इंजिनच्या टेम्परेचरचा आणि दुसरा हवेच्या प्रेशरचा. रात्री हे काटे छान दिसतात. भर दुपारी मात्र मीटरच्या काचेवर आभाळ चमकते, ड्रायव्हरचा पांढरा शर्ट दिसतो, समोर ठेवलेला टॉवेल दिसतो, फक्त काटा दिसत नाही. मग ड्रायव्हर मान वाकवतो, हात आडवा धरतो, डोळे बारीक करतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मीटरमध्ये डोके घातले की ३३ मीटर रस्ता न बघता गेला. घाटात तेवढ्यात वळण येते.

दुसरा धोका याच्या उलटा आहे. दिसत नाही म्हणून काही लोक मीटर बघणेच सोडून देतात. रेडिएटरचे पाणी कमी झाले, काटा लालमध्ये गेला आणि कळले तेव्हा बोनेटमधून वाफ निघत होती, असे झाले की हेड गॅस्केटचे काम निघते. ट्रकमध्ये हवेचे प्रेशर उतरलेले लक्षात आले नाही तर ब्रेकचाच प्रश्न. उकव्याची मँगनीजची खाण, मलाजखंडची तांब्याची खाण, वारासिवनीकडच्या राईस मिल, कान्हाच्या मुक्की गेटला जाणारे पर्यटक, या सगळ्यांच्या गाड्या आपल्याच रस्त्यांवर दिवसा धावतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

असे का होते?

मीटर दिसणे हे उजेड किती आहे यापेक्षा फरक किती आहे यावर ठरते. काळ्या तबकडीवर पांढरा आकडा दिसतो, कारण दोघांत फरक आहे. त्यावर प्लास्टिकची काच असते. साध्या प्लास्टिकच्या काचेवर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के उजेड दोन्ही बाजूंनी मिळून परत फिरतो. रात्री हे ८ टक्के म्हणजे काहीच नाही. भर दुपारच्या थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, त्याचे ८ टक्के म्हणजे चांगलाच झगमगाट. तो तबकडीवर पसरला की काळे काळे राहत नाही, राखाडी होते आणि आकडा त्यात विरघळतो. काचेवर धूळ आणि बारीक ओरखडे असतील तर प्रत्येक ओरखडा चमकतो आणि भर पडते.

दुसरे कारण आपल्या डोळ्यात आहे. उन्हातल्या पांढऱ्या रस्त्याकडे बघून बाहुली लहान झालेली असते. तिथून नजर एकदम छपराखालच्या काळ्या मीटरवर आली की क्षणभर काही दिसत नाही. वय वाढते तसा हा क्षण लांबतो.

ऊन कुठून येते ते ओळखा

आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. बालाघाटहून गोंदियाला जाताना आपण साधारण दक्षिणेकडे जातो, म्हणजे दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन ड्रायव्हरच्याच खिडकीतून आत येते. सकाळी गोंदियाहून बालाघाटला येताना तोंड उत्तरेकडे, तेव्हा पूर्वेचे ऊन पुन्हा उजव्याच बाजूने. सकाळी येऊन दुपारी परत जाणाऱ्या गाडीला दोन्ही वेळा ही तिरीप मीटरवर घ्यावी लागते.

वारासिवनी-कटंगीच्या रस्त्यावर वेगळे चित्र आहे. तो पश्चिमेचा रस्ता. सकाळी जाताना ऊन मागून येते आणि कार किंवा जीपच्या मागच्या काचेतून सरळ मीटरवर पडते. संध्याकाळी सूर्य समोर असतो, डोळे दिपतात आणि मीटर अंधारात गेल्यासारखे वाटते. आणि कान्हातल्या उघड्या जिप्सीला तर छप्परच नाही, तिच्या मीटरवर डोक्यावरचे ऊन थेट येते. तुमची अडचण कोणत्या रस्त्यावर, किती वाजता होते ते दोन दिवस लक्षात ठेवा. अर्धा उपाय तिथेच सापडतो.

एक पैसा न लागणारी तपासणी

गाडी उन्हात उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि मीटरवर तळहाताची सावली धरा.

सावलीत आकडे स्वच्छ दिसले तर मीटर चांगले आहे, भांडण उन्हाशी आहे. उपाय सावलीचा करायचा.

सावलीतही धूसर दिसले तर काच मळलेली, ओरखडलेली किंवा पिवळी पडली आहे, नाहीतर काट्याचा रंग उडाला आहे. तिथे छज्जा लावून उपयोग नाही.

मीटर डिजिटल असेल आणि सावलीत आकडे दिसतात पण मंद, तर आतला प्रकाश कमी केलेला किंवा कमी झालेला आहे.

आणखी एक बघा. उन्हाचा चष्मा काढून बघा. पोलराइज्ड चष्म्यातून बरेच डिजिटल डिस्प्ले काळे किंवा अर्धवट दिसतात. मान तिरपी केली की आकडे परत दिसू लागतात, ही त्याची खूण. अशा वेळी मीटरला दोष देऊन मिस्तरीकडे जाऊ नका, साधा रंगीत चष्मा घ्या.

उपाय, स्वस्त ते महाग या क्रमाने

१. दिवसा लाइट चालू ठेवली आहे का? अनेक गाड्यांत पार्किंग किंवा हेडलाइट लावली की गाडी रात्र झाली असे समजते आणि मीटरचा उजेड कमी करते. धुक्यात, पावसात आपण दिवसा लाइट लावतो आणि डिजिटल आकडे एकदम फिके पडतात. यासाठी स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डवर एक लहान चकरी किंवा बटण असते. ते पूर्ण वाढवून बघा. काही गाड्यांत ट्रिपचेच बटण दाबून उजेड बदलतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे लिहिलेले असते, पण ते पुस्तक बहुतेक वेळा पिशवीतून निघतच नाही.

२. समोरचा पसारा काढा. पांढरा टॉवेल, चमकी लावलेली झालर, प्लास्टिकची फुले, पावत्यांचा गठ्ठा, हे सगळे काचेत उमटते. देव ठेवायचा तर ठेवा, पण मीटरच्या समोर चमकणारे काही नको. डॅशबोर्डला तेलासारखी चमक देणारे पॉलिश मारू नका. गाडी नवी दिसते खरी, पण तीच चमक समोरच्या मोठ्या काचेत आणि मीटरमध्ये येते.

३. काच नीट पुसा. खाणीची बारीक धूळ आणि मिलचा कोंढा हे दोन्ही काचेला खरवडतात. कोरड्या फडक्याने घासले तर ओरखडे पडतात, शिवाय प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होऊन कधी कधी काटा अडकतो किंवा उगाच हलतो. मऊ कापड पाण्यात भिजवून, पिळून, साबणाचा एक थेंब घालून हलक्या हाताने पुसा. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको, त्याने प्लास्टिकला जाळीसारख्या चिरा पडतात.

४. ओरखडे काढा. बारीक ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने बरेच जातात. ज्या काचेवर मुळातच मॅट थर आहे ती मात्र घासू नका, थर गेला की चमक उलट वाढते. आधी एका कोपऱ्यात करून बघा.

५. छज्जा लावा. मीटरच्या वर जो पुढे आलेला भाग असतो तो याचसाठी असतो, पण काही गाड्यांत तो आखूड पडतो. काळ्या फोमच्या शीटचा किंवा मॅट रेक्झिनचा तुकडा कापून तो दोन-तीन इंच वाढवता येतो. चमकणारे रेक्झिन घेऊ नका. सीटवर बसून बघा, रस्ता झाकला जाऊ नये, स्टिअरिंगला अडू नये. डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलेल्या जागेवर काहीही चिकटवू नका. ऊन उजव्या खिडकीतून येत असेल तर वरच्या छज्ज्यापेक्षा मीटरच्या उजव्या कडेला उभी पट्टी जास्त उपयोगी पडते.

६. मॅट फिल्म. मोबाइलला लावतात तशी मॅट फिल्म मापात कापून लावता येते. पण एक लक्षात घ्या. डिजिटल पडदा काचेला चिकटून असेल तर ती छान काम करते. काट्याची तबकडी काचेच्या एक-दोन इंच मागे असेल तर त्याच फिल्ममुळे आकडे धूसर होतात. आधी छोटा तुकडा लावून बघा.

७. काटा रंगवणे. केशरी काटा वर्षानुवर्षांच्या उन्हाने पांढुरका होतो. मीटर उघडून त्याला भडक केशरी रंगाचा पातळ हात देता येतो. काटा उपटू नये, तो पुन्हा बसवताना जागा चुकते आणि स्पीड चुकीची दिसू लागते. रंग जाड झाला तर काटा जड होतो. हे काम जाणत्या मीटर मिस्तरीकडूनच करा आणि मीटर उघडल्याची तारीख व किलोमीटर लिहिलेली पावती घ्या. उद्या गाडी विकताना हाच कागद कामाला येतो. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीच्या वर्कशॉपशिवाय मीटर उघडू नका.

एलईडी टाकून फायदा होतो का?

बाजारात सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो. खरे सांगायचे तर काट्याच्या मीटरला दिवसा एलईडीचा फारसा उपयोग नाही. दिवसा आपण तबकडी बाहेरच्या उजेडाने वाचतो, मागच्या दिव्याने नाही. उन्हापुढे तो दिवा कुठेच टिकत नाही. तिन्हीसांजेला आणि रात्री मात्र फरक पडतो. डिजिटल मीटरचा दिवा जुना होऊन मंद झाला असेल तर बदलून थोडा फायदा होतो.

टाकायचाच असेल तर कार-जीपला १२ व्होल्ट आणि मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट हे बघून घ्या. एलईडीला प्लस-मायनस असते, पेटली नाही तर उलटी करून बघा. फार पांढरी घेतली तर रात्री तीच डोळ्यात टोचते, कारण काही गाड्यांत उजेड कमी करणारी चकरी एलईडीवर नीट चालत नाही.

कॅराव्हॅन, ई-रिक्षा आणि दुचाकी

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली ही घरासारखी गाडी बऱ्याचदा ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेली असते. समोरची काच मोठी आणि डॅशबोर्ड रुंद, म्हणून ऊनही जास्त. त्यात भर म्हणून घराच्या बॅटरीचे व्होल्ट, पाण्याची टाकी किती भरली, असे वेगळे लहान मीटर बसवतात. लाल आकड्यांचे हे स्वस्त मीटर उन्हात विझल्यासारखे दिसतात. असे मीटर घेताना फिक्या पार्श्वभूमीवर काळे आकडे असणारे घ्या. मनगटावरच्या डिजिटल घड्याळासारखे ते बाहेरच्या उजेडानेच वाचता येतात, ऊन जितके जास्त तितके बरे. आणि जे मीटर चालवताना बघायची गरज नाही, ते ड्रायव्हरसमोर लावूच नका, मागे सावलीत लावा.

ई-रिक्षात बॅटरी किती उरली हे दाखवणारा डिस्प्ले उघड्यावरच असतो. तो दिसला नाही तर सवारी बसलेली असताना मधेच गाडी बंद पडते आणि दिवसाची कमाई जाते. तिथे काळ्या फोमचा चारही बाजूंनी डबा केला की काम भागते.

दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आहे. त्यामुळे लाइट बंद करून मीटर उजळवायचा रस्ता तिथे नाही. सावलीत लावणे आणि काच जपणे हाच उपाय. कडक उन्हात तापलेला डिजिटल पडदा कधी कधी पूर्ण काळा होतो. गाडी थंड झाली की बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो, पण रोज तसे होऊ दिले तर पडदा कायमचा खराब होऊ शकतो. चारचाकी उन्हात उभी करताना समोरच्या काचेला आतून पुठ्ठा लावायची सवय ठेवा.

काय करू नये

काचांना काळी फिल्म लावून ऊन अडवायचा विचार करू नका. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काळ्या फिल्मवर बंदी घातली आहे. आणि मीटर दिसत नव्हते हे कारण चालानच्या वेळी चालत नाही. कलम १८३ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त वेगासाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. एका चालानच्या पैशात वरचे पहिले सहा उपाय होऊन जातात.

डोळे आणि कान

चाळिशीनंतर जवळचे धूसर होते. मीटर डोळ्यापासून साधारण ६० ते ७५ सेंटिमीटरवर असते, वाचायचा चष्मा मात्र ३५-४० सेंटिमीटरसाठी बनवतात. लायसन्सच्या फॉर्म १-ए मध्ये २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का ते विचारतात, मीटरच्या अंतरावरची नजर तिथे तपासली जात नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना आपल्या गाडीत सीटपासून मीटरचे अंतर टेपने मोजून घ्या आणि ते सांगा.

जिथे डोळा कमी पडतो तिथे खूण आणि आवाज मदत करतात. शर्यतीच्या गाड्यांत जुन्या काळी मीटर असे फिरवून बसवत की सगळे ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर दिसायचा, आकडा वाचायची गरजच नाही. आपल्याला मीटर फिरवता येत नाही, पण टेम्परेचरचा काटा रोज जिथे थांबतो तिथे काचेवर रेडियमची बारीक पट्टी लावता येते. पट्टी सीटवर बसूनच लावा, वाकून लावली तर जागा सरकते. काटा पट्टीच्या पुढे गेला की एका नजरेत कळते.

ट्रकमध्ये हवा कमी झाली की वाजणारा बजर असतो. कटकट नको म्हणून काही ठिकाणी त्याची वायर काढून ठेवलेली असते. ती आजच जोडून घ्या. टेम्परेचरसाठीही असा बजर ऑटो इलेक्ट्रिशियन बसवून देतो. घाटात उन्हाची तिरीप कितीही असू द्या, बजरचा आवाज कानावर येतोच.