तुटक्या सुयांची वही

भाचा हॅम्बर्गहून आला तेव्हा माझ्यासाठी टॉवेल घेऊन आला. निळा, दाट, गालाला लावावासा वाटणारा. कोपऱ्यात 'मेड इन इंडिया'. आम्ही मूळचे सोलापूरचे, तेव्हा घरात हशा पिकला. शेजारी ओको-टेक्सची चिठ्ठी होती. ती असली की सगळं नीट तपासलेलं असतं, असं त्याला दुकानात सांगितलं होतं.

"सगळं नाही," पुण्याची माझी एक मैत्रीण म्हणाली. "कापडात घातक रसायनं आहेत का, एवढंच त्या चिठ्ठीमागे तपासतात. शिवणारीला पगार मिळतो का, हे बघायला माझ्यासारखी जाते." ती सोशल ऑडिट करते. मी मागेच लागले, म्हणून एकदा तिनं मला अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात बरोबर नेलं. नाव छापायचं नाही, ही मालकांची अट.

जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे. आपला माल कुठे वेठबिगारीतून, बालमजुरीतून, नदी नासवून तयार होत नाही ना, हे तिथल्या मोठ्या कंपन्यांनी पाहायचं. म्हणजे कायदा बर्लिनचा, आणि सोलापुरात सकाळी साडेनऊला मस्टर उघडणार माझी मैत्रीण.

मागांच्या खात्यात शिरलं की धडधड तळपायातून वर चढते. कामगारांच्या कानांत नवे कोरे पिवळे बोळे होते. एका म्हाताऱ्यानं मात्र आपला बोळा विडीसारखा कानामागे खोचला होता. आग विझवायची नळकांडी, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, संडास भरभर पाहून झाले. रंगखात्यामागे सांडपाण्याच्या टाकीत जांभळं कोमट पाणी वाफाळत होतं. तिथं तिनं पाण्याआधी पंपाचं वीजमीटर पाहिलं. पंप रोज चालतो की पाहुण्यांपुरता, हे मीटरवर कळतं.

मागचं दार उघडलं तेव्हा करकरलंसुद्धा नाही. बिजागरीवरून ताजं तेल ओघळत होतं. तिनं दार दोनदा लावून उघडलं. ११ सप्टेंबर २०१२ला कराचीतल्या अली एंटरप्रायझेसच्या आगीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, खिडक्यांना गज होते. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी कामगारांना नीट वागवल्याचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं होतं. कागद बघून कुणीतरी दिलंच असणार ना?

दुपारी शिलाई खात्यातल्या बायकांशी बोलणं. मालक, सुपरवायझर बाहेर. पहिली आली ती पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, पापण्यांवर कापसाचे तंतू. सगळे तिला अक्का म्हणत. घरी तेलुगू, इथं मराठी.

"अक्का, आठवड्याला किती तास काम..."

"साठ."

प्रश्न संपलाही नव्हता. पुढचीही साठ म्हणाली. तिसरी तर बसायच्या आधीच. ६० ही वरची हद्द. परदेशी ग्राहकांच्या आचारसंहितेत ती असते, आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही होती. ४८ तास नेहमीचे, वरचे ओव्हरटाइमचे, आणि त्यांना दुप्पट दर. पण नगावर काम करणारी बाई तास कधी मोजत नाही. ती टॉवेल मोजते. अक्काला टॉवेल विचारले तेव्हा तिनं सकाळचे, जेवणानंतरचे, चहानंतरचे वेगवेगळे आकडे दिले आणि वर विचारलं, "इथं बसल्याचे नग कोण धरणार, बाई?"

मालकांना मी लबाड म्हणायला तयार होते. त्यांनी बसवून चहा दिला आणि मोबाइलवर दोन मेल दाखवले. एकात ग्राहक कंपनी ६० तासांची आठवण करून देत होती. दुसऱ्यात त्याच कंपनीचा खरेदीवाला कंटेनर दहा दिवस अलीकडे मागत होता, भाव तोच. "तास मोजणारा साहेब वेगळा, पैसे कापणारा वेगळा," ते म्हणाले. "दोघांची आपसांत ओळख नसावी. आणि तुमच्या ऑडिटची फीसुद्धा आम्हीच भरतो." मैत्रीण काही बोलली नाही. तिचा पगार त्या फीतूनच निघतो.

चारच्या सुमाराला तिनं एक पातळ वही मागितली. तुटक्या सुयांची. टॉवेलात सुईचा तुकडा राहून गिऱ्हाइकाच्या अंगाला टोचू नये, म्हणून शिलाईची सुई मोडली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटपट्टीनं लावतात. पुढे तारीख, मशीन नंबर, सही. तपासणीसाठी बाकीचे कागद इस्त्री केल्यासारखे होते. ही वही तेलकट, कोपरे दुमडलेली. ती आवरायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मैत्रिणीचं बोट एका ओळीवर थांबलं. मग तिनं मस्टर ओढलं. वहीतला दिवस रविवार होता. मस्टरवर त्या दिवशी सगळ्या खात्याला सुट्टी. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोन सुया. पट्टीखाली तीन तुकडे चमकत होते, मशीन नंबर १४, आणि अक्काची वळणदार तेलुगू सही.

अक्काला परत बोलावलं. तिनं वहीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. खोटं पकडल्याची लाज मलाच वाटली, तिला नाही.

"लिहायलाच लागतंय, बाई," ती म्हणाली. "तुकडे चिकटवल्याबिगर नवी सुई देत नाहीत."